वाटेतला बाजोठ

महुव्यात आमच्या शेरीच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी निळ्या दाराचं घर आहे ते मुक्ताबेन त्रिवेदींचं. दारावर पाटी लाभशंकरभाईंच्या नावाची आहे, पण त्यांचं घर असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. मुक्ताबेन कन्याशाळेत मोठ्या बाई होत्या. शेरीतल्या निम्म्या बायकांना त्यांनी बाराखडी शिकवली, आणि उरलेल्या आम्हा सुनांना साडी कशी वाळत घालावी, दारात चपला कशा ठेवाव्यात, हे आम्ही न विचारता शिकवलं.

लाभशंकरभाई स्टेशनात पार्सलच्या कचेरीत कारकून होते. माणूस गोड, पण भारी पसारेदार. वर्तमानपत्राचं एक पान झोपाळ्यावर, दुसरं मोरीच्या कठड्यावर. अडकित्ता उशाखाली, आणि चष्मा कुठे ते देवालाच ठाऊक. रोज सकाळी मुक्ताबेनचा आवाज शेरीभर जायचा. "अहो, हा टॉवेल काय इथे श्राद्धाला बसवलाय?" "अहो, चपला दारात आडव्या! आल्यागेल्यानं उडी मारून आत यायचं का?" लाभशंकरभाई हसत उठायचे, उचलायचे, आणि ती वस्तू दुसऱ्या ठिकाणी टाकायचे.

मग दोनेक वर्षांपासून ते घर एकाएकी नीटनेटकं दिसायला लागलं. ओसरीवर वाटेत काही नाही, अंगणात बादली नाही. मुक्ताबेन आम्हाला कौतुकानं सांगायच्या, "इतक्या वर्षांनी का होईना, पोरगं पास झालं."

त्याच दोन वर्षांत मुक्ताबेनचे डोळे चालले होते आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. समोरचं त्यांना दिसायचं. वर्तमानपत्र वाचायच्या, पोरींच्या वह्यांमधल्या चुका काढाव्यात तशा लग्नपत्रिकांमधल्या चुका काढायच्या. पण बाजूचं आणि पायाखालचं हळूहळू पुसत गेलं होतं. दाराच्या चौकटीला उजवा खांदा लागायचा. ताटाच्या कडेला वाढलेलं लोणचं तसंच राहायचं. देवळात जाताना त्या भिंतीला हात लावून चालायला लागल्या तेव्हा आम्ही विचारलं, तर म्हणाल्या की गुडघे धरलेत. तुपात सुंठ घालून खा, असं आम्हीही सांगून टाकलं.

शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं होतं, तिथे डॉक्टरांनी त्यांना बाजूला बसवून सांगितलं होतं. काचबिंदू आहे, डोळ्यातला दाब वाढलाय, लगेच भावनगरला जा, थेंब सुरू करा, गेलेली नजर परत येत नसते. मुक्ताबेननी मान डोलावली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की नंबर थोडा वाढलाय, बाकी ठणठणीत. त्यांच्या आईचीही नजर अशीच गेली होती. माहेरच्या घरात तिला स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत बसवून ठेवायचे, जेवण तिथेच न्यायचे, आणि पाहुणे आले की दार लोटून घ्यायचे. मुक्ताबेननी ते दार पाहिलं होतं. डोळ्याचं नाव एकदा काढलं की आपल्यासाठीही कुणीतरी खोली शोधेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. हे सगळं त्यांनीच मला पुढे सांगितलं, म्हणून मला माहीत.

उत्तरायण होऊन गेलं होतं. तारांवर अजून फाटके पतंग लटकत होते. सकाळी लाभशंकरभाई झोपाळ्यावर बसून वाचत होते. मुक्ताबेन दुधाचं पातेलं घेऊन ओसरीवरून अंगणात उतरायला निघाल्या. उन्हाचा पट्टा पायरीवर आडवा पडला होता. पायरी आणि अंगण त्यांना एकच दिसलं. पाय हवेत पडला, आणि त्या पातेल्यासकट खाली गेल्या.

आवाज ऐकून मी आणि शेजारच्या कांचनबेन धावत गेलो. मुक्ताबेन अंगणात एका कुशीवर पडल्या होत्या, साडी दुधानं भिजली होती, डावा हात अंगाखाली. पायरीपाशी बाजोठ उलटा पडला होता, ताट ठेवायचा तो बुटका लाकडी पाट. आम्ही त्यांना उचलायला गेलो तर त्या कण्हत कण्हत म्हणत होत्या, "यांनी बाजोठ वाटेत ठेवला. किती वेळा सांगायचं माणसानं?"

लाभशंकरभाई तिथेच उभे होते, पांढरेफटक. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. माझंच चुकलं."

कांचनबेन तर त्यांना तिथल्या तिथे बोलल्या. म्हातारपणी बायकोला लंगडी करून ठेवाल, असं काहीबाही. ते ऐकून घेत होते.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं, कंबरेला मुका मार. प्लास्टर झालं. दुसऱ्या दिवशी राजकोटहून मुलगी पल्लवी आली आणि सुरतेहून मुलगा हेमंत. मी खिचडी-कढी घेऊन गेले तेव्हा घरात खलबत चाललं होतं. हेमंतचा स्वभाव तापट नाही, पण तो बापावर चिडला होता. त्याचं म्हणणं, बाची, म्हणजे आईची, हाडं आता पापडासारखी झालीत, आज मनगटावर निभावलं, उद्या खुबा मोडला तर ती उठायची नाही.

"बापुजी, एक गोष्ट जागेवर ठेवायची, इतकंच तर होतं," तो म्हणाला. "आयुष्यभर तिनं तुमचं उचललं. आता तिचं वय आहे का तुमच्या मागे मागे उचलत फिरायचं?"

लाभशंकरभाईंनी मान खाली घातली. "खरं आहे तुझं," म्हणाले.

मुक्ताबेन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पडताना ओठांतून जे निघालं ते सवयीनं निघालं होतं. जन्मभर काही बिघडलं की 'यांनी केलं' हेच पहिलं तोंडात यायचं. पाय हुकला तेव्हा वाटेत बाजोठ नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण पायाला काहीच लागलं नव्हतं. पण आता शब्द निघून गेला होता. तो परत घ्यायचा तर पाय का हुकला ते सांगावं लागणार होतं. पाठीमागे मुलगा नवऱ्याला बोलत होता, आणि त्या प्लास्टरच्या हाताकडे बघत राहिल्या.

शेवटी ठरलं ते असं. हात बरा होईपर्यंत बा राजकोटला पल्लवीकडे राहील. बापुजींना मागे एकटं कसं ठेवायचं, म्हणून ते सुरतेला हेमंतकडे. दोघांना एकत्र ठेवायचं तर परत तेच होणार, असं पल्लवीच बोलली. इतक्या वर्षांच्या संसारात ते दोघं प्रथमच वेगवेगळ्या गावी चालले होते. जाताना लाभशंकरभाईंनी किल्ली माझ्याकडे दिली. तुळशीला पाणी घाला म्हणाले. रिक्षात बसताना मुक्ताबेनचा पदर दारात अडकत होता, तो लाभशंकरभाईंनी आत सारला. पल्लवी म्हणाली, "राहू द्या बापुजी, मी बघते."

राजकोटचं घर चौथ्या मजल्यावर, सगळीकडे पांढऱ्या चकचकीत फरशा. महुव्याच्या घरात मुक्ताबेनचे पाय आपले आपण चालायचे. इथे भिंत कुठे संपते आणि फरशी कुठे सुरू होते तेच कळेना. त्या खुर्चीतून उठणं टाळायला लागल्या. पाणीसुद्धा कमी प्यायच्या, कारण मग उठावं लागतं. पल्लवीला वाटे, बा मनानं खचली. पल्लवीची सून उर्वी घरातलं सगळं करायची. बोलायला अगदी हळू, आणि सासूला वचकून असायची. तिचा मुलगा हेत तेव्हा रांगायला लागला होता. पणतू मांडीवर घ्यायला मुक्ताबेनना फार आवडे, पण कुणी आणून दिला तरच घ्यायच्या, स्वतः उचलायला जायच्या नाहीत.

फाल्गुनात प्लास्टर निघालं. त्यानंतर एका दुपारी त्या मोरीकडे जायला उठल्या. उर्वीनं हेतला बोळात सतरंजीवर खेळायला ठेवलं होतं आणि ती कुकर बघायला आत गेली होती. मुक्ताबेन भिंतीला हात लावत समोर बघत गेल्या. पायाखाली काहीतरी मऊ आलं. त्याच क्षणी पोर असं किंचाळलं की त्या तिथेच भिंतीला चिकटल्या.

हेतच्या बोटांवर त्यांचा पाय पडला होता.

पल्लवी धावत आली. पोराला उचललं, बोटं पाहिली, लाल होऊन टम्म सुजायला लागली होती. आणि ती उर्वीवर तुटून पडली. "किती वेळा सांगितलंय, वाटेत ठेवू नकोस म्हणून? घरात म्हातारं माणूस आहे हे दिसत नाही तुला? बा पडली असती तर? आधीच एकदा दुसऱ्याच्या चुकीनं हाड मोडून घेऊन आलीय ती."

उर्वीच्या डोळ्यांत पाणी. पोर हातात घ्यायला तिनं हात पुढे केले, पण पल्लवी देईना. "माझंच चुकलं," उर्वी म्हणाली.

मुक्ताबेन मला म्हणाल्या की त्या शब्दांसरशी त्यांना अंगणात उभे लाभशंकरभाई आठवले. अगदी तेच शब्द, तसंच खाली मान घालून. तरीही तेव्हा त्या बोलल्या नाहीत. पोराला डॉक्टरकडे नेलं, हाड शाबूत आहे असं कळलं, सगळे परत आले, उर्वी गुपचूप भाकरी थापायला बसली, तोवर त्यांचं तोंड उघडलं नाही. जेवायला बसल्यावर उर्वीनं आधी त्यांचंच पान वाढलं. लोणचं ताटाच्या कडेला वाढू नये, त्यांना मध्यभागी लागतं, हे त्या पोरीनं बघून ठेवलं होतं, का ते न विचारता. ते मध्यभागी वाढलेलं लोणचं बघून त्यांनी ताटावरचा हात मागे घेतला.

"पल्लवी," त्या म्हणाल्या, "तिला बोलू नकोस. पोर वाटेत नव्हतं. कडेला होतं. मला दिसलं नाही."

"ते कळलं ग बा. तू कशाला बघत बसशील खाली?"

"बघून दिसलं नसतं. मला बाजूचं दिसत नाही. खालचंही नाही. दोन वर्षं झाली, जास्तच."

पल्लवीचा घास हातात राहिला. तिनं आईकडे पाहिलं, मग दाराकडे, मग परत आईकडे. तिनं हळूच विचारलं, "मग तो बाजोठ?"

"बाजोठ नव्हता."

"बापुजी तर म्हणाले..."

"ते म्हणाले. बाजोठ नव्हता."

मुक्ताबेनना वाटलं होतं लेक जवळ घेईल. पल्लवी ताटावरून उठली आणि हात न धुताच गॅलरीत जाऊन उभी राहिली. आत आली तेव्हा तिचा आवाज चिरका झाला होता. "आम्ही त्यांना काय काय बोललो, बा. तू तिथेच होतीस. तू ऐकत होतीस." उर्वीनं मात्र सगळ्यांची ताटं उचलली, आणि जाता जाता आजेसासूच्या खांद्याला हात लावून गेली. तो हात जास्त झोंबला, असं त्या म्हणायच्या.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तर आणखी वाईट झालं. त्यानं तपासलं, यंत्रात ठिपके दाखवून विचारलं, आणि सांगितलं की नस बरीच सुकली आहे. जे गेलं ते गेलं. थेंब रोज, चुकवायचे नाहीत, म्हणजे उरलंय ते टिकेल. आणि घरात पायऱ्यांना रंगाच्या कडा मारा, मोरीत धरायला दांडी बसवा, पायात घसरणाऱ्या सपाता नकोत, कारण अशी माणसं पडतात आणि पडली की अंथरुणाला खिळतात. मग विचारलं, "याआधी कुणी काही सांगितलं होतं?" पल्लवी शेजारच्या खुर्चीत होती. मुक्ताबेननी शिबिराचं सांगितलं. ज्या बाईनं शेकडो पोरींना उशिरा शाळेत आल्याबद्दल बाकावर उभं केलं, ती डॉक्टरच्या स्टुलावर मान खाली घालून बसली होती, आणि तो तरणा डॉक्टर काही रागावलासुद्धा नाही.

पल्लवीनं हेमंतला फोन करून सगळं सांगितलं. तिकडे सुरतेत लाभशंकरभाईंचे दिवस असे चालले होते की ते सोफ्याच्या एका टोकाला बसायचे, वर्तमानपत्र वाचून झालं की घडी घालून मांडीवर ठेवायचे, आणि सून येऊन ती घडी उचलून न्यायची. नातवंडं त्यांना 'बाजोठदादा' म्हणायला लागली होती. तेही हसायचे. फोन ठेवल्यावर हेमंत त्यांच्यासमोर जाऊन बसला. मग एवढंच म्हणाला की बापुजी, चला, राजकोटला जाऊ.

राजकोटच्या त्या घरात मुलांनी दोघांना खोलीत एकटं सोडलं. मुक्ताबेन खाटेच्या कडेला, लाभशंकरभाई समोर वेताच्या बुटक्या मोड्यावर. मग मुक्ताबेननी विचारलं की लोक आत आले तेव्हा बाजोठ पायरीपाशी कसा होता? शेजारच्या बायका सांगत होत्या की उलटा पडलेला पाहिला.

"मी पायानं ओढून टाकला," ते म्हणाले. "तू ओरडलीस ना, यांनी बाजोठ ठेवला म्हणून, पडता पडताच. बायका दारात पोचतच होत्या. बाजोठ भिंतीला टेकलेला त्यांना दिसला असता. तुला खोटं पाडू?"

"मुलं एवढं बोलली, तरी?"

"ते मला नेहमीच बोलतात. तुला कधी कुणी बोललेलं नाही. तुला सोसलं नसतं."

मुक्ताबेननी पदर तोंडाला लावला. बायको रडताना काय करायचं हे लाभशंकरभाईंना माहीत नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. ते मोड्यावर पुढे सरकले आणि मागे सरकले.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. तिला दिसत नाही हे त्यांना केव्हापासूनच कळलं होतं. चहाचा कप ती टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागली तेव्हाच. म्हणून ते रोज तिच्याआधी उठून वाटेतलं सगळं उचलायचे, बादली, चपला, स्वतःचा पसारा. विचारायची हिंमत झाली नाही. एकदा, "डोळे दाखवून येऊ का भावनगरला," असं म्हणून पाहिलं होतं, तर ती म्हणाली होती की आधी स्वतःची अक्कल दाखवून या. त्यावर ते जे गप्प बसले ते बसलेच.

"मी तुझ्या रागाला भ्यायलो," ते म्हणाले. "तेव्हाच हाताला धरून नेलं असतं तर आज एवढं गेलं नसतं. डॉक्टर म्हणाला ना, उशीर झाला? तो उशीर माझाही आहे."

"तुमचा नाही," मुक्ताबेन म्हणाल्या. "आणि आता परत माझं काही अंगावर घेऊ नका. हात जोडते."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. डावं मनगट अजून नीट वळत नव्हतं, त्यामुळे तळवे पुरते जुळेनात. लाभशंकरभाईंनी ते हात धरून खाली घेतले.

चैत्रात दोघं महुव्याला परत आली. पायऱ्यांना पिवळ्या रंगाच्या कडा मारल्या, मोरीत दांडी बसली. आम्ही बायका भेटायला गेलो. कांचनबेननी बसल्या बसल्या सुरुवात केली, "काय लाभुभाई, बाजोठ माळ्यावर टाकला की नाही?" ते हसले. मुक्ताबेन म्हणाल्या, "कांचन, थांब." आणि त्यांनी सांगितलं. शिबिरापासून सगळं, हेतच्या बोटांसकट. शाळेत धडा सांगायच्या तसं सरळ सांगत गेल्या, पण आमच्याकडे बघत नव्हत्या. कांचनबेन चहाच्या बशीकडे बघत राहिल्या. जाताना त्यांनी लाभशंकरभाईंना वाकून नमस्कार केला तेव्हा ते एवढे ओशाळले की आतच निघून गेले.

मुक्ताबेनना वाटलं होतं की एकदा सांगून टाकलं की छातीवरचं उतरेल. तसं झालं नाही. मला म्हणायच्या, "झोपाळ्यावर ते समोर बसतात ना, तेव्हा मला त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ दिसतो. समोरचं दिसतं. तेच बघवत नाही." पेपर आताही तेच आवरतात, सकाळी थेंब तेच घालतात. त्या मान मागे करून बसतात आणि त्यांचा हात थरथरतो म्हणून थेंब गालावर पडतो. पूर्वीच्या मुक्ताबेन असत्या तर बोलल्या असत्या. आता पुसतात आणि म्हणतात, "परत घाला."

महिन्यानं भावनगरला दाखवायला जायचं होतं. मीही त्याच एसटीनं नणंदेकडे निघाले होते. स्टँडवर भरपूर गर्दी, सगळी कन्याशाळेच्या बाईंना ओळखणारी. बसची पायरी उंच. लाभशंकरभाई पिशव्या घेऊन मागे होते. पूर्वी मुक्ताबेन अशा वेळी पदर सावरत, गुडघ्यांना नावं ठेवत, दांडा शोधत वेळ काढायच्या. त्या दिवशी त्या थांबल्या आणि दारातल्या कंडक्टरला म्हणाल्या, "भाई, मला दिसत नाही. पायरी कुठे आहे ते सांगा."

कंडक्टर भला होता, पण आवाज मोठा. त्यानं आत वळून हाळी दिली, "सरका रे, बांना दिसत नाही, जागा द्या." सगळी बस वळून बघायला लागली. पुढच्या बाकावर त्यांची एक जुनी विद्यार्थिनी होती, ती झटकन उठून उभी राहिली. मुक्ताबेनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता परत फिरतात.

"जरा वर, अजून वर, हां, आता ठेवा," कंडक्टर सांगत होता. त्यांनी पाय ठेवला, त्याचा हात धरला आणि चढल्या. उठलेल्या बाईच्या जागेवर खिडकीशी बसल्या. लाभशंकरभाई शेजारी उभे राहिले, त्यांनी तिकिटं काढली. बस सुटली तरी त्या कुणाकडे बघत नव्हत्या. तळाजा गावाच्या अलीकडे कधीतरी त्यांनी पिशवीतून थेपल्यांचा डबा काढला आणि नवऱ्यापुढे धरला, आणि मग मान न वळवता माझ्यापुढेही.